ट्रॅक्टरचाही सातबारा ठेवा

आपल्या माणसाला कागदाची किंमत कळत नाही असे कोणी म्हटले तर ते मला पटत नाही. जमिनीचा उतारा आपण पत्र्याच्या पेटीत घडी मोडू न देता ठेवतो. डेअरीला दूध घातले की फॅटची चिठ्ठी घेतो. कारखान्यावर उसाची गाडी खाली झाली की काट्याची पावती खिशात पडल्याशिवाय ड्रायव्हर माघारी फिरत नाही. आडतीला कांदा लावला की पट्टी मागून घेतो. हा शहाणपणा आपल्याला शाळेने शिकवलेला नाही, नुकसानीने शिकवला आहे. मग ज्या ट्रॅक्टरसाठी लाखो रुपये मोजले, बँकेला जमीन लिहून दिली, त्या ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग कोणत्या तारखेला झाली, किती तासांवर झाली, ऑइल कोणते भरले, याचा कागद मात्र घरात अपवादानेच सापडतो. आणि हा कागद नसला की वॉरंटी असूनही नसल्यासारखी होते, एवढेच आज सांगायचे आहे.

माझे काम गावोगावी फिरण्याचे. पीक पाहणे, शेतीशाळा घेणे, अनुदानावर आलेल्या अवजारांची मोका तपासणी करणे हे चालूच असते. त्यात नव्या ट्रॅक्टरचे गाऱ्हाणे ऐकले नाही असा हंगाम जात नाही. "साहेब, गाडी नवीकोरी हाय, वॉरंटीत हाय, तरी बी कंपनी पैसे मागती." मी विचारतो, दादा, सर्व्हिस बुक कुठे आहे? उत्तर ठरलेले असते. "आसंल की शोरूमलाच." किंवा, "टूलबॉक्समधी हुतं, ऑइलनं भिजलं, टाकून दिलं." इथेच निम्मे भांडण हरलेले असते.

वॉरंटी म्हणजे नेमके काय?

पुष्कळांचा समज असा की वॉरंटीच्या मुदतीत जे मोडेल ते कंपनी फुकट दुरुस्त करून देईल. तसे नसते. वॉरंटी म्हणजे कारखान्यात झालेल्या दोषाची जबाबदारी. धातू कच्चा निघाला, गिअर नीट बनला नाही, जुळणीत चूक राहिली, अशा कारणाने भाग निकामी झाला तर तो दुरुस्त करून वा बदलून मिळतो. वापरून झिजणारे भाग, म्हणजे क्लच प्लेट, फिल्टर, ऑइल, रबरी वस्तू, हे साधारणपणे यात येत नाहीत. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा त्या त्या बनवणाऱ्या कंपनीची वेगळी असते. त्यांची कार्डे वेगळी, नंबर वेगळे, तेव्हा तीही पहिल्याच दिवशी मागून घ्या. मुदतही नुसती वर्षांत नसते. इतकी वर्षे किंवा इतके तास, यातले जे आधी भरेल ते, असा नियम असतो. कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक तो बदलतो. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीचा अंदाज बांधू नका, आपले पुस्तक वाचा.

आता मुख्य अट. ठरलेल्या तासांवर ठरलेली सर्व्हिसिंग झालेली असली पाहिजे. ही अट जवळजवळ प्रत्येक वॉरंटीत असते आणि भांडण हमखास हिच्यावरच होते. इंजिन जाम झाले तर प्रश्न एकच उरतो, दोष कारखान्याचा की हयगय मालकाची? उघडलेल्या इंजिनाकडे पाहून कंपनीचा माणूस म्हणतो, ऑइल वेळेवर बदलले नाही. आपण म्हणतो, बदलले होते. इथे तोंडाच्या साक्षीला कोण विचारतो? ज्याच्याकडे तारीख, तास आणि बिल असेल त्याचे खरे धरले जाते.

पन्नास तास म्हणजे किती दिवस?

बहुतेक ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिसिंग सुमारे ५० तासांवर असते. पुढच्या सर्व्हिसिंग ठरावीक तासांच्या अंतराने येतात. अनेक मॉडेलना इंजिन ऑइल २५० तासांवर बदलायला सांगितलेले असते. आपल्या गाडीचा आकडा पुस्तकात पाहून घ्या. पहिल्या सर्व्हिसिंगला एवढे महत्त्व का, हेही समजून घ्या. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, गिअर हे एकमेकांशी घासून बसत असतात. त्या घासण्यातून धातूचा बारीक कण सुटतो आणि ऑइलमध्ये फिरत राहतो. ते ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदलले नाही, तर तोच कण नव्या इंजिनाला आतून खातो. शिवाय नट-बोल्ट आवळणे, टॅपेट तपासणे, पट्ट्याचा ताण पाहणे ही कामे त्याच वेळी होतात.

घोटाळा होतो तो कॅलेंडरचा. आपल्या डोक्यात सर्व्हिसिंग म्हणजे महिन्याचा हिशेब. पण खरिपाच्या तोंडाशी रोटाव्हेटर लावून ट्रॅक्टर दिवसाला दहा तास चालला, तर ५० तास पाच दिवसांत भरतात. २५० तास भरायला महिना पुरतो. "आत्ता तर घेतला, एवढ्यात कसली सर्व्हिसिंग?" असे आपण म्हणत असतो आणि मीटर पुढे निघून गेलेला असतो. उलट पावसाळाभर गाडी शेडमध्ये उभी राहिली, तास भरले नाहीत, तरी काही पुस्तकांत महिन्यांची अटही लिहिलेली असते. ती चुकली तरी खोट निघतेच.

दुसरी गोष्ट आवर मीटरची. यांत्रिक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. म्हणून मनगटावरचा तास आणि मीटरचा तास तंतोतंत जुळेलच असे नाही. सर्व्हिसिंगसाठी मीटरचाच आकडा धरायचा आणि तोच लिहायचा. मीटर बंद पडला तर "चालतंय की" म्हणून सोडू नका. त्याच दिवशी शोरूमला कळवा, बदलून घ्या, आणि जुना आकडा किती होता, नवा कितीपासून सुरू झाला हे जॉबकार्डावर लिहून घ्या. बंद मीटरच्या गाडीला वॉरंटी मागणे म्हणजे काटा मोडलेल्या तराजूवर वजन भांडत बसणे आहे.

दोन गाड्यांची गोष्ट

माझ्या पाहण्यातली दोन उदाहरणे सांगतो. गाव आणि नावे सांगण्याची गरज नाही. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर घेतला. पहिली सर्व्हिसिंग शोरूमला झाली. पुढची आली ऐन पेरणीत. शोरूम तालुक्याला, इकडे वाफसा निघून चाललेला. त्यांनी गावातल्या मेस्त्रीकडून ऑइल बदलून घेतले. काम चांगले झाले असेलही. पण ना ऑइलच्या डब्याचे बिल, ना मेस्त्रीची पावती, ना कुठे तासांची नोंद. पुढे ऑइल प्रेशरचा दिवा लागला आणि इंजिनाने आवाज धरला. शोरूमने दुसऱ्या सर्व्हिसिंगचा पुरावा मागितला. तो नव्हता. वॉरंटी नाकारली गेली. इंजिनाचे काम पदरच्या पैशाने झाले, वर हंगामाची मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरने करावी लागली. बँकेचा हप्ता काही थांबला नाही.

दुसऱ्या घरी नववीत शिकणारी मुलगी रोज संध्याकाळी मीटरचा आकडा वहीत लिहायची. तिचे वडील सांगायचे, ती लिहायची. गिअरबॉक्समधून घरघर येते अशी तक्रार त्यांनी पहिल्यांदा केली ती तारीख, त्या दिवशीचे तास, शोरूममध्ये कोणाशी बोलणे झाले, मेकॅनिक कधी येऊन गेला, सगळे वहीत होते. पुढे काही महिन्यांनी गिअर तुटला. शोरूमचा पहिला सूर "जास्त लोड दिला असेल" असाच होता. वही पुढे ठेवली, जॉबकार्डाच्या झेरॉक्स ठेवल्या. तक्रार सुरुवातीपासूनची आहे आणि सर्व्हिसिंग एकही चुकलेली नाही, हे दिसल्यावर सूर बदलला. गिअर वॉरंटीत बदलून मिळाला. चाळीस रुपयांच्या वहीचे मोल त्या दिवशी त्या घराला कळले.

वहीत काय लिहावे?

यासाठी फार शिक्षण लागत नाही. दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर ट्रॅक्टरचा इंजिन नंबर, चेसिस नंबर, खरेदीची तारीख, बिल नंबर, टायर व बॅटरीचे नंबर, विम्याची मुदत लिहा. पुढच्या पानांवर रकाने आखा. तारीख, सुरुवातीचे तास, शेवटचे तास, काय काम केले, कोणी चालवला, डिझेल किती घातले, ऑइल-पाणी पाहिले का, आणि काही बिघाड वाटला का. नांगरटीच्या किंवा मळणीच्या धुळीत हवेचा फिल्टर रोज पाहावा लागतो, तेव्हा तो साफ केल्याचीही एक खूण करा. धूळ इंजिनात गेल्याने रिंगा झिजल्या, असे कारण पुढे करून अर्ज नाकारला जाऊ शकतो. तुमची रोजची खूण हेच त्याला उत्तर.

सर्व्हिसिंग झाली की जॉबकार्डाची प्रत मागून घ्या. त्यावर तारीख, तास, केलेले काम, बदललेले भाग आणि शोरूमचा शिक्का आहे का ते पाहा. सर्व्हिस कुपनावर न वाचता सही करू नका, आणि न झालेल्या कामाच्या कुपनावर तर मुळीच नको. "सही करा दादा, पुढच्या वेळचं पण घेऊन टाकतो" असे कोणी म्हणाले तर सरळ नाही म्हणा. मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून त्यांची लगेच झेरॉक्स काढा. मोबाईल प्रत्येकाकडे आहे. दर सर्व्हिसिंगला मीटरचा आणि बिलाचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या मोबाईलवरही पाठवून ठेवा. एक मोबाईल विहिरीत पडला तरी पुरावा बुडत नाही.

बिघाडाची तक्रार फोनवर करा, पण तेवढ्यावर थांबू नका. मेसेज पाठवा किंवा साध्या कागदावर अर्ज देऊन पोच घ्या. तक्रार नंबर मिळाला तर वहीत उतरवा. ऑइल प्रेशरचा दिवा लागला, पाणी उकळले की गाडी तिथेच थांबवा. "एवढा तुकडा उरकू" म्हणून ओढत राहिलात तर मूळ दोष कारखान्याचा असला तरी पुढचे नुकसान तुमच्या माथी येते. आणि शोरूमचा माणूस पाहून जाईपर्यंत इंजिन वा डिझेल पंप बाहेर उघडू नका. पंपाचे सील तुटले की वॉरंटीचा विषय बहुधा तिथेच संपतो. वरातीत गाणी वाजवायला वायरिंग कापून मोठे स्पीकर जोडणाऱ्या तरुण मंडळींनाही हेच सांगणे आहे. नंतर वायरिंग जळाले तर दाद कोणत्या तोंडाने मागणार?

खोट्या नोंदी मात्र करू नका. एका बैठकीत, एका पेनाने, एका शाईने लिहिलेली वर्षभराची वही जाणत्याच्या लगेच लक्षात येते. एक खोटी नोंद पकडली गेली की उरलेल्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो. एखादी सर्व्हिसिंग दहा-वीस तास उशिरा झाली असेल तर तशीच लिहा आणि का उशीर झाला तेही लिहा.

हे सगळे वाचून काही जण म्हणतील, "साहेब, सुगीत घास गिळायला वेळ न्हाई, वही कोण भरणार?" म्हणणे खोटे नाही. पण रोजची नोंद दोन ओळींची असते. दुसरे म्हणतील, शोरूम लांब आहे. तर सर्व्हिसिंगच्या आधी आठ दिवस कळवा, मेकॅनिक शेतावर पाठवायला सांगा. तो आला नाही, तर कोणत्या तारखेला कळवले होते हे तुमच्या वहीत आणि मोबाईलवर राहते. उशीर कोणामुळे झाला हे मग आपोआप ठरते. तिसरे म्हणतील, आमचा गावचा मेस्त्री शोरूमपेक्षा हुशार. असेल. वॉरंटी संपल्यावर त्याच्याकडे जरूर जा. मुदतीत मात्र पुस्तकात सांगितले असेल तिथेच काम करा, आणि अडचणीत बाहेर करावेच लागले तर आधी शोरूमला कळवून ऑइलच्या ग्रेडसह पक्के बिल घ्या.

कायदा पाठीशी आहे, पण रिकाम्या हाताने नाही

बियाणे उगवले नाही तर पिशवी, टॅग, पावती आणि थोडे बियाणे जपून ठेवा, हे आम्ही कृषी खात्याचे लोक वर्षानुवर्षे सांगत आलो. आता ते बहुतेकांच्या अंगवळणी पडले आहे. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली निकाल दिला की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो. ट्रॅक्टरचेही तसेच आहे. १९८६ च्या कायद्याच्या जागी आलेला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. माल व्यापारी हेतूने घेतला असेल तर हा कायदा लागत नाही. मात्र केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरलेल्या वस्तूला त्यातून सूट आहे. गाडी कोणाच्या शेतात, किती चालली आणि कोणी चालवली हे वहीत असले, तर हा मुद्दा सिद्ध करायलाही तीच उपयोगी पडते.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५० लाख रुपयांपर्यंत किंमत मोजलेल्या मालाची तक्रार करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, कंपनीच्या शहरात जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करून पाहता येतो. पण आयोगापुढे पहिला प्रश्न येणार तो कागदाचाच. बिल, वॉरंटी कार्ड, सर्व्हिस बुक, जॉबकार्डे, तक्रारीची पोच. यातले काही नसेल तर चांगला वकीलही काय करणार?

गावच्या कारभाऱ्यांनी आणि डीलरनी एवढे करावे

ही गोष्ट एकट्या शेतकऱ्यावर टाकून भागणार नाही. सरकारी जीपला लॉगबुक असते. किती किलोमीटर, किती डिझेल, कोणासाठी गेली, हे लिहिल्याशिवाय बिल निघत नाही. मग गटाच्या आणि सोसायटीच्या अवजारे बँकेतल्या ट्रॅक्टरला ते का नसावे? पोकरासारख्या प्रकल्पांतून आणि २०१४-१५ पासून चालू असलेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून कितीतरी गावांत सामाईक अवजारे आली. एका गाडीवर तीन-चार ड्रायव्हर बसतात, आणि सगळ्यांची गाडी ती कोणाचीच नाही अशी गत होते. अशा ठिकाणी वही भरण्याचे काम एकाच माणसाच्या नावावर नेमून द्यावे आणि मासिक बैठकीत ती वही वाचावी. ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर, टँकर, घंटागाडी यांचेही सर्व्हिस बुक कपाटात कुलूपबंद न ठेवता गाडीबरोबर चालते ठेवावे. माझ्या खात्यातल्या सहकाऱ्यांनाही सांगणे आहे. मोका तपासणीला जाल तेव्हा ट्रॅक्टरपाशी उभे राहून फोटो काढण्याआधी सर्व्हिस बुक मागा. पाच मिनिटे जास्त जातील, पण त्या घराला पुस्तक जपायची सवय लागेल.

डीलर मंडळींना नम्र विनंती अशी, की चावी देताना पेढे आणि हार जरूर द्या, पण त्याच वेळी वॉरंटीच्या अटी मराठीतून वाचून दाखवा. सर्व्हिस बुक शोरूममध्ये ठेवून घेऊ नका, ते मालकाचे आहे. प्रत्येक कामाचे जॉबकार्ड न मागता द्या. ज्या डीलरकडे नोंदी चोख असतात त्याचे गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याकडेच येते, हे व्यापाऱ्याला मी काय सांगावे!

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. वॉरंटी कधी ना कधी संपते, पण वहीचा उपयोग संपत नाही. पुढे ट्रॅक्टर विकायचा झाला तर घेणारा आधी आवाज ऐकतो, मग मीटर पाहतो आणि दोन्हींवर संशय घेतो. त्याच्यापुढे पहिल्या दिवसापासूनची वही ठेवली तर घासाघीस कमी होते. एकराला डिझेल किती लागते, भाड्याने चालवण्यात खरोखर काही उरते की नुसता धूरच निघतो, हेही त्याच वहीतून कळते.

तेव्हा येत्या बाजाराला एक वही आणा. गाडी जुनी असो वा नवी, आजचा मीटरचा आकडा आणि आजची तारीख पहिल्या ओळीत लिहा. सर्व्हिस बुक शोरूमला राहिले असेल तर ते घेऊन या, हरवले असेल तर दुसरे मागा आणि आधीच्या सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डांच्या प्रतीही मागा. पुढची सर्व्हिसिंग किती तासांवर आहे तो आकडा खडूने शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे गाडी काढणाऱ्या प्रत्येकाला तो दिसेल.